कोपराखाली एक वीत

आम्ही पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. मागच्या दोन भाषणांत आम्ही कर्जाच्या वहीबद्दल आणि बँकेच्या कागदांबद्दल बोललो. आज वही बाजूला ठेवू आणि जरा स्वयंपाकघरात येऊ. वही मधे पुन्हा येणारच आहे म्हणा, पैशाशिवाय कुठली गोष्ट होते?

टीव्हीवरच्या मालिकांत तुम्ही पाहिलं असेल. मोठ्ठं स्वयंपाकघर, भिंतीला लागून एक ओटा आणि खोलीच्या मधोमध दुसरा, चारी बाजूंनी मोकळा. त्याला किचन आयलंड म्हणतात. आयलंड म्हणजे बेट. मालिकेतली सून त्या बेटावर एक सफरचंद कापते आणि सासूशी भांडते, याहून जास्त काम त्याच्यावर होताना आम्ही तरी पाहिलेलं नाही. पण वस्तू कामाची आहे. आणि ज्या घरात हंगामाला रोज शेकड्यांनी पापड लाटले जातात, त्या घरात तर फारच कामाची आहे. आमच्या गटातल्या बायकांनी तिचं नाव ठेवलं मधला ओटा. आम्हीही तेच म्हणणार.

पेणचं नाव काढलं की लोकांना आधी गणपती आठवतो आणि त्याच्या मागोमाग पोह्याचे पापड. शिमग्याच्या आधी ऊन तापायला लागलं की पाऊस येईपर्यंत आपल्याकडे अंगणात, गच्चीवर, पडवीत पापड, मिरगुंड, फेण्या, कुरडया वाळत असतात. गोव्याच्या रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून पाकिटं घेऊन जातात. पाकिटावर गटाचं नाव असतं, वजन असतं, किंमत असते. पापड कुठं बसून लाटला ते मात्र कुणी लिहीत नाही. तो फरशीवर बसून लाटलेला असतो. खाली गोणपाट, पुढ्यात पोळपाट, एक पाय दुमडलेला, एक लांब केलेला, पाठ वाकलेली. सकाळी बसलेली बाई दुपारी उठते तेव्हा भिंतीला धरून उठते.

खाली बसणं वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही हं. आपल्या आज्या सत्तरीतही मांडी घालून बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या. पण त्या दिवसभर बसून नव्हत्या. विहिरीवर जायच्या, शेतात जायच्या, उठबस चालू असायची. एका जागी पाच-पाच तास वाकून जोर लावत लाटणं फिरवायचं, हे काम निराळं. आणि चाळिशीनंतर ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांच्यापुढं दोनच वाटा उरतात. दुखणं सोसत लाटायचं, नाहीतर पापडाचं काम सोडायचं. आमच्या एका गटातल्या तीन काकूंनी दुसरी वाट धरली. हात अजून सराईत, पापड पातळ कागदासारखा, पण खाली बसवत नाही म्हणून मिळकत बंद. हा विषय आमच्या बैठकीत आला तो इथून.

एका ताईंनी अर्ज केला. दोन हजार रुपये कर्ज हवं, कारण टेबल करायचं आहे. गटाच्या वहीत कारणाचा रकाना असतो. आजारपण, शाळेची फी, बियाणं, खत, शेळी, शिलाई मशीन. टेबल आजवर कुणी लिहिलं नव्हतं. एकीनं विचारलं, यातून पैसे कसे फिटणार? दुसरी म्हणाली, ही तर घरातली हौस झाली, हौसेला गटाचा पैसा कशाला? प्रश्न चुकीचे नव्हते. सगळ्यांच्या घामाचे पैसे आहेत, विचारलंच पाहिजे.

त्यावर हमरापूरकडच्या एक वहिनी बोलल्या. हमरापूर, जोहे इकडं घरोघर गणपतीचे कारखाने. त्या रंगकामाला जातात. त्या म्हणाल्या, आमच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायची असली की मूर्ती उचलून फळीवर घेतात, हाताच्या आणि नजरेच्या उंचीला आणतात. कारागीर मूर्तीपुढं वाकत नाही, मूर्ती त्याच्याकडं येते. मांडणी, फळ्या, फिरते पाट या सगळ्याला पैसे लागतातच की, आणि ते कारखान्याच्या खर्चात धरतात. मग आमच्या पापडाची फळी हौसेत का?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कर्ज मंजूर झालं. दोन हजार रुपये, दहा हप्ते, शेकडा एक रुपया व्याज. आणि रकान्यात लिहिलं, ‘कामाचं साधन’. आमच्या मते त्या दिवशी त्या वहीत पडलेली ती सगळ्यात चांगली नोंद आहे. सुताराचं टेबल साधन, शिंप्याचं मशीन साधन, मग बाईच्या कामाची जागा फुकट कशी? फरशी असतेच घरात, म्हणून तिची किंमत कुणी धरत नाही. तिची किंमत गुडघे भरतात.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. टेप घ्यायच्या आधी कोपर घ्या.

चप्पल घालून काम करत असाल तर चप्पल घालून, अनवाणी करत असाल तर अनवाणी, भिंतीला खांदा लावून सरळ उभ्या राहा. दंड अंगाला टेकवा, हात कोपरातून दुमडून पुढं करा, पोळपाटावर ठेवतो तसा. कोपराच्या खालच्या टोकाला घरातल्या दुसऱ्या कुणाकडून कोळशानं खूण करून घ्या. आता त्या खुणेपासून एक मूठ खाली मोजा, आपलीच मूठ. ही झाली भाजी चिरायची, निवडायची, डबे भरायचं काम करायची उंची. आणि खुणेपासून एक वीत खाली मोजा. ही झाली पीठ मळायची, पापड-भाकरी-पोळीची उंची. जोराचं काम नेहमी खाली असावं, म्हणजे खांदे वर न उचलता अंगाचं वजन हातावर टाकता येतं. हलकं काम वर असावं, म्हणजे मान झुकत नाही. कारखान्यांतल्या कामाच्या उंचीचा अभ्यास करणारेही साधारण हेच सांगतात. हलक्या कामाला कोपराच्या खाली दहा ते पंधरा सेंटिमीटर आणि जोराच्या कामाला त्याहून बरंच खाली. आपली मूठ आणि वीत त्यात बरोबर बसते.

उदाहरण घ्या. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर येतं. वीत ८ इंचांची धरली तर लाटायचं टेबल ३० इंच. मूठ ४ इंचांची धरली तर चिरायची जागा ३४ इंच. दोघींचं माप सारखं येणार नाही, येऊही नये. गवंडी ओटा बांधतो तो त्याच्या सवयीच्या उंचीला. चाळीस घरांत एकच माप. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण असं चालवून घेतो का?

हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी कामगारांच्या नव्या घरांसाठी छोटंसं स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डब्यातल्या रसोईसारखं, हात लांब केला की सगळं हाताशी. तसली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथं झाली. गंमत म्हणजे या बाईंनी पुढं स्वतःच सांगितलं की ते आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता! त्याच सुमारास अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाच्या बाई होत्या. बारा लेकरांची आई. कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली मोजायचं त्यांचं काम. त्यांनी स्वयंपाकघरातली पावलं मोजली आणि ओट्याची उंची बाईप्रमाणं ठरवायला हवी असं म्हटलं. शंभर वर्षं होत आली. गवंडी अजून विचारत नाही.

एका टेबलावर दोन्ही कामं करायची असतील तर? टेबल नेहमी विती‌च्या मापाचं करा, खालचं. भाजी चिरायच्या वेळी त्यावर एक पाट ठेवा, उंची आपोआप वाढते. फक्त तो पाट वेगळा ठेवा, जेवायला बसायच्या पाटावर भाजी चिरलेली कुणाच्याच सासूबाईंना चालणार नाही. आणखी एक फायदा. ३० इंच म्हणजे जेवणाच्या टेबलाची उंची. ज्यांना उभंही राहवत नाही त्यांनी खुर्ची ओढून बसून लाटावं. त्या तीन काकूंपैकी दोघी आता अशाच बसतात.

माप झालं, आता जागा. आपल्याकडं १० बाय १० ची खोली बऱ्याच घरांत असते. भिंतीचा ओटा २ फूट रुंद. त्याच्यापुढं वावरायला ३ फूट. मग २ फुटांचं टेबल. पलीकडं पुन्हा ३ फूट. झाले १०. अगदीच अडचण असेल तर वावरायची जागा अडीच फुटांपर्यंत आणा, त्याच्या खाली नको, नाहीतर गरम पातेलं घेऊन वळताना कुणाच्या तरी अंगावर जायचं. लांबी ४ फूट पुरते. समोरासमोर दोघी लाटतात, टोकाला तिसरी लाट्या करते.

पण फळी कापायच्या आधी रांगोळीनं टेबल काढा. खरंच. फरशीवर ४ बाय २ चा चौकोन काढायचा, त्याच्या कडेनं दोन खुर्च्या आणि एक तांदळाची गोण ठेवायची आणि दोन दिवस त्याला वळसा घालून स्वयंपाक करायचा. दार उघडतं का, सिलिंडर बाहेर काढता येतो का, पाण्याचा हंडा घेऊन येणारी सून अडखळते का, सगळं दोन दिवसांत कळतं. रोह्याच्या एका ताईंनी दुसऱ्या दिवशी चौकोन पुसून खिडकीकडं सरकवला, कारण दुपारचा उजेड तिकडं होता. रांगोळी सरकवायला पैसे पडत नाहीत.

गॅसची शेगडी मधल्या ओट्यावर आणायची नाही. मालिकेत असते, आपल्याकडं नको. नळी वाटेतून जाणार, कुणाचा तरी पाय अडकणार. शेगडी भिंतीच्या ओट्यावर, सिलिंडरपेक्षा उंच, नळी दीड मीटरच्या आत, आणि पाच वर्षांनी बदलायची. मिक्सरची वायरही तशीच, फरशीवरून ओढायची नाही.

आता लाकूड. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ कुणी विसरलेलं नाही. किती घरांची कौलं उडाली, किती आंबे-फणस आडवे झाले. पुष्कळ जणांनी मग कौलं काढून पत्रे घातले. जुने वासे, रिपा, माळ्याच्या फळ्या अजून मागच्या पडवीत नाहीतर गोठ्यात पडून आहेत. कुणाकडं सागाचे आहेत, कुणाकडं ऐनाचे, किंजळीचे. ते आपलं भांडवल. वाशांचे पाय होतात, माळ्याच्या फळ्यांचा वरचा भाग होतो. वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या कुणी चिरून ठेवल्या असतील तर त्याही छान, आता चांगल्या वाळल्या असतील. टेबलासाठी उभं झाड मात्र तोडायचं नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ यांना तोडायला परवानगी लागते, आणि ओल्या लाकडाचं टेबल वर्षभरात वाकडं होतं ते वेगळंच.

जुनं लाकूड घेताना ते उलटं करून आपटा. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडला तर त्यात किडा जिवंत आहे, ते चुलीत घाला. सुरीचं टोक दाबून बघा, सहज आत गेलं तर आतून कुजलंय. खिळे सगळे काढा. वखारीतला माणूस खिळ्याचं लाकूड यंत्रावर घेत नाही, आणि बरोबरच आहे, पातं तुटतं.

जुनं रंगवलेलं दार आडवं टाकून टेबल करू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. तो रंग घासला की धूळ उडते, ती लेकरांच्या पोटात जाते. दार गोठ्याला लावा, खाण्याच्या कामाला नको.

तसंच पॅलेटचं. भंगारवाल्याकडं लाकडी पॅलेट स्वस्त मिळतात आणि मोबाइलवर त्यांची टेबलं फार सुंदर दिसतात. आपल्याकडं धाटावला, नागोठण्याला कारखाने आहेत, पॅलेट येतात-जातात. त्यावर पोती होती की पिंपं, पिंपात काय होतं, काय सांडलं, हे भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं. परदेशी जाणाऱ्या मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात इंग्रजीत ‘एचटी’ अक्षरं असतील तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं असतं, ‘एमबी’ असतील तर विषारी धुरी दिलेली असते. पण शिक्का लाकडाचं सांगतो, वर काय सांडलं ते सांगत नाही. आमचं मत स्पष्ट आहे. पॅलेटची कोंबड्यांची खुराडी करा, पापडाचं टेबल नको.

काही जणी विचारतात, वर कडप्पा टाकला तर? दिसायला छान, पुसायला सोपा. पण ४ बाय २ ची पाऊण इंची लादी चाळीस किलोच्या घरात जाते. खालची चौकट तितकी भक्कम हवी, मधे आधार नसेल तर लादी तडकते. शिवाय कडप्पा हा चुन्याच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पांढरट डाग पडतो तो जात नाही. कोकणात बाई, आणि कोकम सांडायचं नाही? लाकडाची तेवढीच फळी दहा-बारा किलोंची होते. दोघींनी उचलली की हलली.

हे हलणं महत्त्वाचं आहे. खारेपाटात भरतीचं पाणी, नागोठण्याला अंबा नदी, रोह्याला कुंडलिका. पाणी घरात शिरलं की भुशाच्या फळीचं तयार फर्निचर फुगून पाव होतं. भरीव लाकडाचं टेबल धुऊन सावलीत वाळवलं की पुन्हा उभं राहतं, आणि वेळेवर कळलं तर आधीच माळ्यावर जातं. दुसरीही एक गोष्ट आहे. भिंतीचा ओटा घराचा असतो, आणि घर बहुतेक वेळा बाईच्या नावावर नसतं. नमुना आठवर नवऱ्याबरोबर नाव लावून घ्या म्हणून आम्ही किती वर्षं सांगतोय. हिस्से झाले, भाड्याची खोली बदलली, तर ओटा मागं राहतो. टेबल बरोबर येतं. गटाच्या कर्जानं केलेलं, वहीत तिच्या नावावर नोंदलेलं. आमच्या एक ताई गेल्या वर्षी मोठ्या दिरांपासून वेगळ्या राहायला निघाल्या तेव्हा टेम्पोत सगळ्यात आधी टेबल चढलं. वाटणीची बोलाचाली चालू होती, पण त्या टेबलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बनवायचं कसं ते सांगते म्हणण्यापेक्षा, सांगतो, कारण हे आम्ही सात-आठ जणींनी मिळून केलं. वखारीतून वासे चौकोनी करून आणि फळ्यांना एका बाजूनं रंधा मारून आणायचा. पायाची लांबी काढताना फळीची जाडी वजा करायला विसरायचं नाही. टेबल ३० इंच हवं, फळी १ इंचाची, खाली रबर अर्धा इंच, तर पाय साडेअठ्ठावीस इंच. चारही पाय एकत्र बांधून एकदम खूण करायची आणि मगच करवत चालवायची.

वर एक चौकट आणि जमिनीपासून सहा इंचांवर दुसरी. वरच्या चौकटीनं टेबल डुगडुगत नाही आणि खालचीवर रिपा ठोकल्या की डब्यांना मांडणी मिळते. खाली पिठाचे डबे ठेवले की टेबल जड होऊन आणखी पक्कं बसतं. चौकट काटकोनात आहे का हे बघायला गुण्या नसेल तर सुतळी घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणा, मग दुसरे दोन कोपरे मोजा. दोन्ही सारखी भरली की चौकट बरोबर, नाहीतर जो कोपरा लांब आहे तो दाबायचा आणि पुन्हा मोजायचं. स्क्रू मारायच्या आधी गिरमिटानं भोक पाडा, जुनं लाकूड कडक असतं, नाहीतर चिरतं. पायांच्या सांध्याला खिळे नकोत. तिथं नटबोल्ट, पाटा हलला की पुन्हा आवळता येतात. हा सांधा आम्ही सुताराकडून करून घेतला, अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन. सगळं स्वतःच करायचा हट्ट कशाला?

वरच्या फळ्या चौकटीच्या बाहेर तीन-चार इंच काढा, म्हणजे उभं राहिल्यावर पायाची बोटं आत जातात आणि बसल्यावर गुडघे. फळ्या आतून एल पट्ट्यांनी जोडायच्या, वरून स्क्रू दिसला की पीठ अडकतं. आणि ऋतू बघा. चैत्र-वैशाखात टेबल करत असाल तर दोन फळ्यांत नाण्याच्या जाडीची फट ठेवा, पावसात लाकूड फुगतं. श्रावणात करत असाल तर फळ्या घट्ट भिडवा, पुढं सुकून फट आपोआप पडते.

घासायचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि तिथंच हात सैल पडतात. आधी जाड काचपेपर, मग बारीक, शेवटी ओलं फडकं फिरवून उभे राहिलेले तंतू पुन्हा घासायचे. मग तेल. खोबरेल लावू नका, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट वास येतो. जवसाचं खाण्याचं तेल घ्या, घाण्यावरचं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसतेल नको, त्यात लवकर सुकण्यासाठी इतर द्रव्यं घातलेली असतात. पातळ हात द्यायचा, तासाभरानं जास्तीचं पुसायचं, तीन-चार दिवस वाळू द्यायचं, असं तीनदा. आणि हे नीट ऐका. जवसतेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. ते आपलं आपण तापतं आणि पेट घेऊ शकतं. उलगडून दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पायांना मात्र काजूच्या टरफलाचं तेल चालतं, वाळवी लागत नाही. होड्यांना लावतात तेच. हात भाजतात त्यानं, म्हणून हातमोजे घालायचे, आणि वरच्या फळीला त्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. खारेपाटात लोखंडी पाय करू नका, खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात. पायांच्या तळाला जुन्या स्लिपरचा तुकडा ठोकला की झालं. फरशी उंचसखल असेल तर ज्या पायाखाली फट आहे तिथं दोन तुकडे.

सगळी कामं वर आणायची नाहीत. पापडाचं पीठ कुटायचं ते खालीच, दगडावर. टेबलावर बत्ता हाणला तर सांधे ढिले होतात. मासे आणि विळी खालीच. विळी पायानं दाबून धरायची वस्तू आहे, टेबलावर तिला पाय कुठून आणणार? ती पुढं सरकते आणि हात कापतो. नारळ वर खवायचा असेल तर टेबलाच्या कडेला आवळून बसवायची खवणी मिळते, ती घ्या.

खर्च विचाराल. पहिल्या टेबलाचा हिशेब वहीतूनच वाचतो. माळ्याच्या फळ्या शेजारून घेतल्या, ६०० रुपये. वासे घरचे. वखारीत कापणी आणि रंधा ३५०. सुताराची मजुरी ४५०. नटबोल्ट, स्क्रू, एल पट्ट्या २९०. काचपेपर आणि तेल १८०. एकूण १,८७०. उरलेले १३० रुपये त्या ताईंनी पुढच्या बैठकीत परत भरले. तुमच्याकडं फळ्याही घरच्याच असतील तर तेराशेच्या आत काम होईल, विकत घ्याव्या लागल्या तर जास्त जाईल.

फिटले का पैसे? हप्ते नवव्या महिन्यातच संपले. पापड जास्त झाले का, तर थोडे झाले. पण हंगाम लांबला. आधी ज्या दुपारी आडव्या व्हायच्या त्या दुपारीही दोन तास करू लागल्या. आणि एक गोष्ट आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. भिंतीच्या ओट्यापुढं एकच माणूस उभं राहतं, तेही भिंतीकडं तोंड करून. मधल्या ओट्याला चार बाजू आहेत. शाळेतून आलेला मुलगा एका बाजूला दप्तर टाकतो, मग त्याच्या हातात शेंगांची टोपली दिली की निवडतो. एका घरी तर मालकांनी रविवारी कांदे चिरायला घेतले. खाली विळीवर बसले नसते, आम्ही खात्रीनं सांगतो, पण टेबलापुढं उभं राहायला त्यांना काही कमीपणा वाटला नाही. कांदे जाड चिरले होते, ते सोडा.

आतापर्यंत पेण आणि रोहा मिळून आमच्या गटांत अकरा टेबलं झाली. करवत, गिरमिट, रंधा, गुण्या आणि टेप एवढी हत्यारं आम्ही गटाच्या पैशातून घेतली आहेत, ती पेटीत असतात. पाच दिवसांसाठी नेता येतात, भाडं वीस रुपये. शेजारच्या गटाच्या बायकांनाही देतो. येताना कोपराचं माप चिठ्ठीवर लिहून आणा, मूठ आणि वीतसुद्धा, म्हणजे पायांची लांबी तिथंच काढून देता येईल. आणि पेटीच्या वहीत सही करून न्या, रंधा गेल्या महिन्यापासून कुणाकडं आहे ते अजून सापडत नाहीये.